फिनलंडला गोधडी शिकवायला जाताना

प्रश्न विचारणारी मुलगी सेलूची आहे. संभाजीनगरला चित्रकला शिकली, आता कापडावर काम करते. फिनलंडमधल्या एका लहान गावातल्या कलाकेंद्रानं तिला ऑगस्टच्या मध्यापासून दहा आठवडे रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथं राहून काम करायला, बोलावलं आहे. खोली, स्टुडिओ आणि मानधन ते देणार. त्याबरोबर गावकऱ्यांसाठी गोधडीच्या सहा कार्यशाळा घ्यायच्या: दोन वृद्धांच्या निवासात, दोन शाळेत, दोन बाहेरच्या देशांतून आलेल्या बायकांच्या केंद्रात. तिला विचारायचंय की इथून सामान किती न्यावं, दोन तासांत गोधडी शिकवायची कशी, इंग्रजी जेमतेम आहे त्याचं काय, आणि स्वतःचं काम करायचं कधी. शेवटी एक ओळ आहे: "आई म्हणायली, चिंध्या शिवायला इतक्या लांब कामून जायलीस?"

मी बरीच वर्षं गोधडीचंच काम करते. परदेशात अशा मुक्कामांवर राहून आले आहे, फिनलंडलाही. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सामानापासून सुरू करू, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. कापड इथून नेऊ नकोस. तुझ्या मनात आत्ता काय असेल ते मला ठाऊक आहे: आजीची लुगडी, इरकलीचे काठ, खणाचे तुकडे, दोन बॅगा भरून. ते बघून तिथले लोक खूश होतील, हात लावून पाहतील, फोटो काढतील आणि परत जाऊन बसतील. तुझ्या रंगीत कापडापुढं त्यांना आपल्या हातातलं काही सुचणार नाही. गोधडी ही ज्याची त्याच्या घरातल्या कापडाची असते. सेलूच्या बाईला जर कुणी येऊन सांगितलं की गोधडी शिवायची तर माझ्याकडचं फिनिश लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं, कापड वापर, तर ती कशाला शिवेल? मग त्यांच्याकडून तरी आपण उलटं का मागायचं?

म्हणून निघण्याच्या दोन महिने आधी केंद्राला लिही, की कार्यशाळेला येणाऱ्या प्रत्येकानं घरातलं एक जुनं, धुतलेलं, सुती किंवा लिननचं कापड आणावं. चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल, शर्ट, काहीही. ज्यांच्याकडं नसेल त्यांच्यासाठी केंद्रानं गावातल्या किरप्पुतोरीतून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारातून, दहा-बारा चादरी घेऊन ठेवाव्यात. फिनलंडच्या गावागावांत असे बाजार असतात आणि जुनी सुती चादर तिथं स्वस्तात मिळते. पॉलिस्टर मिसळलेलं कापड नको हेही लिही. ते पदरावर पदर ठेवलं की सरकतं. आपल्याकडंही सिंथेटिक साड्या आल्यापासून बायका हेच म्हणतात, की कापड हाताखाली थांबत नाही.

तू इथून एवढंच ने: घरी रोज अंगावर घेतलेली एक खरी गोधडी, विटलेली, एखाद्या जागी ठिगळ लावलेली. नवीकोरी, दाखवायला शिवलेली नको. मोठ्या नेढ्याच्या सुया भरपूर ने. पक्का सुती दोरा ने, मेणाचा गोळा ने. कात्री आणि सुया चेक-इन बॅगेत टाक. तिथल्या जुन्या लिननच्या चादरी फार दाट विणीच्या असतात, आपली रोजची बारीक सुई त्यात वाकते. लिननचे दोनच पदर घ्यायचे, सुती असेल तर तीन-चार चालतात. दाभण नको, त्यानं जुन्या कापडाला भोकं पडून ती तशीच राहतात.

कापसाचं बोंड दाखवायला न्यावं असं वाटेल, आपण कापसाच्या मुलखातले. सरकीसकट बोंड नेऊ नकोस. डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात बियाणं आणि जवळजवळ सगळा ताजा वनस्पतिमाल न्यायला रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळावर त्यावरून वाद घालण्यात पहिला दिवस जातो. खाण्याच्या बाबतीतही हेच. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून आणायला युरोपीय संघात बंदी आहे, म्हणजे तूप, खवा, कुंथलगिरीचा पेढा हे सगळं घरीच ठेवायचं. काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी मात्र भरपूर घे.

आता दोन तासांचा प्रश्न. पूर्ण गोधडी दोन तासांत होत नाही, दोन आठवड्यांतही होत नाही. त्यामुळे सहा कार्यशाळा म्हणजे सहा वेगवेगळे धडे असं धरू नकोस. सगळ्यांची मिळून एकच गोधडी धर, दीड मीटर रुंद आणि दोन मीटर लांब, जी वृद्धांच्या निवासातून शाळेत, शाळेतून बायकांच्या केंद्रात जाईल आणि परत येईल. प्रत्येक गटाला आधीच्या गटाचे टाके हाताला लागतील. शाळेतल्या पोरांना ऐंशी वर्षांच्या आजोबांचा टाका दिसेल, आणि आजोबांना परत आल्यावर पोरांनी केलेलं काम दिसेल. गावात एकमेकांना कधी न भेटणारी माणसं अशी एका कापडावर येतात. कलाकेंद्राला तुला बोलावून हेच हवं असतं, फक्त त्यांच्या पत्रात ते जड भाषेत लिहिलेलं असतं.

पहिल्या कार्यशाळेत शिवण कमी आणि निवड जास्त ठेव. आणलेलं कापड टेबलावर पसरायचं, शर्टाच्या शिवणी उसवायच्या, कुठलं खाली, कुठलं वर, कुठलं आत, हे त्यांनीच ठरवायचं. पदर नीट बसवून, हातानं मधून कडेकडं सुरकुत्या काढून, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवून मोठ्या टाक्यांनी कच्चं बांधून घ्यायचं. ही कच्ची बांधणी तू स्वतः कर किंवा डोळ्यांसमोर करून घे. ती सैल राहिली तर पुढं मधे फुगवटा येतो आणि नंतर काही करता येत नाही.

पुढच्या कार्यशाळांत धावदोरा. आपल्याकडं कडेपासून चौकोनी फेऱ्या घेत आत मध्यापर्यंत जातात, तीच पद्धत ठेव, कारण त्यात चारी बाजूंनी माणसं बसू शकतात. पण आपण जमिनीवर बसतो आणि वेळप्रसंगी गोधडीवरच बसून मधलं शिवतो. तिथं म्हाताऱ्या माणसांना खाली बसता येणार नाही. चार टेबलं जोडून घ्यायची. पहिल्या दोन-तीन फेऱ्या सोप्या जातात. मधे सरकलं की हात पुरत नाही. त्यासाठी लांब गोल काठ्या केंद्राकडून आधीच मागून ठेव, शिवून झालेली बाजू त्यावर गुंडाळत जायचं. जाड पडद्याची काठीसुद्धा चालते.

प्रत्येकाला सरावासाठी हातरुमालाएवढा दुपदरी तुकडा द्यायचा, तो त्यांनी घरी न्यायचा. सामाईक कापडावर पहिला टाका घालायला भल्याभल्यांचा हात अडतो, तुकड्यावर दहा मिनिटं गेली की मोकळा होतो. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, एवढंच सांगायचं आणि पिशवीतून चार दाणे काढून टेबलावर ठेवायचे. (भाजलेले ने, म्हणजे पेरायच्या बियाण्याचा प्रश्न येत नाही.) वृद्धांसाठी फिक्या चादरीवर गडद दोरा. सुया आदल्या रात्री ओवून ठेवायच्या, वीस-तीस तरी, कारण सुई ओवता येत नाही हे परक्यासमोर कबूल करायला कुणालाच आवडत नाही. दोरा हातभर, जास्त नाही.

कात्रीबद्दल एक नियम मी कधी मोडत नाही: कापड ज्याचं, कात्री त्याच्या हातात. फिनलंडच्या जुन्या घरांत लग्नासाठी तयार केलेल्या चादरी आणि अभ्रे असतात, कोपऱ्यात त्या बाईच्या नावाची आद्याक्षरं लाल किंवा पांढऱ्या दोऱ्यानं भरलेली. मी होते तिथं एक आजोबा वारलेल्या बायकोचा असा एक अभ्रा घेऊन आले. घडी मांडीवर ठेवून बसले होते, टेबलावर ठेवत नव्हते. मदतनीस मुलगी त्यांना समजावायला निघाली, मी तिला थांबवलं. आपल्याकडं सासूचं किंवा आईचं लुगडं असेल तर ते न फाडता सबंध आतल्या पदरात घालतात, वरून दिसत नाही पण घरातल्या सगळ्यांना माहीत असतं कुठं आहे, एवढं मी दुभाष्याकरवी सांगितलं. त्यांनी अभ्रा उलगडला, स्वतः दोन पदरांच्या मधे सरळ केला आणि वरून ज्या जागी अक्षरं येतात तिथं एक टाका घालून खूण केली. कार्यशाळेत तोवर कुणी फारसं बोललं नव्हतं. नंतर तिघी-चौघींनी आपापली कापडं काढून आत घातली. हे मी आधी योजलेलं नव्हतं. आता मात्र प्रत्येक ठिकाणी आतल्या पदराची गोष्ट मी सुरुवातीलाच सांगते.

तिथल्या शांततेला घाबरू नकोस. आपल्याकडं बायका गोधडीला बसल्या की ओव्या, सुनांच्या तक्रारी, पावसाचं, सोयाबीनच्या भावाचं, सगळं निघतं. तिथं माणसं तासभर मुकाट शिवतील. तुला वाटेल कंटाळलेत. तसं नसतं. मधे कॉफीची सुट्टी ठेवायचीच, ती त्यांच्याकडं गंभीर बाब आहे, आणि बोलणं झालं तर त्यावेळी होतं. वेळेच्या पाच मिनिटं आधी लोक येऊन बसतात, तू अर्धा तास आधी तयार पाहिजेस. घरात शिरताना चपला दारातच काढतात, तिथं तुला अगदी घरच्यासारखं वाटेल.

शाळेबद्दल तुझा अंदाज चुकण्याची शक्यता आहे, म्हणून सांगते. तू पोरांना सुई धरायला शिकवायची तयारी करून जाशील. फिनलंडच्या शाळांत हस्तकला हा सक्तीचा विषय आहे, १८६६ पासून. उनो सिग्नेउस यांनी तिथली लोकशाळा उभी केली तेव्हाच तो आत आणला. मुलगे आणि मुली दोघंही शिवतात, लाकूड कापतात. त्यामुळे धावदोरा त्यांना पाच मिनिटांत येईल आणि पुढं काय म्हणून तुझ्याकडं बघतील. पोरांना हिशोब द्यायचा: या गोधडीत किती जणांचं कापड आहे, कुठलं सगळ्यात जुनं, प्रत्येक तुकडा आधी काय होता. एका वहीत त्यांनी प्रत्येक तुकड्याची नोंद करायची आणि गोधडीचा नकाशा काढायचा. ती वही गोधडीबरोबर पुढच्या गटाकडं जाते आणि शेवटी गोधडीइतकीच मोलाची होते. मुलांच्या वर्गात त्यांचा शिक्षक पूर्ण वेळ हजर पाहिजे, हे आधी लेखी ठरव.

बाहेरून आलेल्या बायकांच्या केंद्रात तू जरा मागं बस. त्या सोमालिया, इराक, अफगाणिस्तान, युक्रेन अशा ठिकाणांहून आलेल्या असतात आणि त्यांतल्या अनेकींना तुझ्यापेक्षा चांगलं शिवता येतं. पहिला अर्धा तास शिकवूच नकोस. गोधडी मधे ठेव आणि तुमच्याकडं अंथरूण-पांघरूण कसं करतात, एवढंच विचार. मी होते तिथं एका अफगाण आजीनं कापूस भरलेल्या रजईला टाके घालायची तिच्या घरची रीत दाखवली, आणि त्या दिवशी मीच शिकणारी होते. त्या कशा आल्या, काय सोसलं, हे विचारायचं नाही. सांगितलं तर ऐकायचं. लहान मुलं बरोबर येतील हे गृहीत धरून केंद्राकडून त्यांच्यासाठी वेगळी खोली आणि माणूस माग. इथं फोटो अजिबात नाही. इतर ठिकाणीही प्रत्येकाची लेखी संमती घेतल्याशिवाय नाही. युरोपात मे २०१८ पासून खाजगी माहितीचा कडक कायदा आहे आणि चेहऱ्याचा फोटो त्यात येतो. हातांचे आणि कापडाचे फोटो पुरतात.

इंग्रजीची काळजी करू नकोस, हे मी धीर द्यायला म्हणत नाही. वृद्धांच्या निवासात इंग्रजी कमी लोकांना येतं, बायकांच्या केंद्रात त्याहून कमी. तुला दुभाष्या लागणारच आहे, तो कार्यशाळेत पूर्ण वेळ असावा हे करारात घे. तू मराठीतून बोलत शिव. हात दिसत असेल तर आवाजाचा सूर कळतो. नेउला म्हणजे सुई, लांका म्हणजे दोरा, कांगास म्हणजे कापड, हुवॅ म्हणजे छान, किइतोस म्हणजे आभार. एवढ्यावर पहिली कार्यशाळा निघते. जिथं इंग्रजी नीट लागतं ती जागा म्हणजे करार, आणि तो घाईनं वाचायचा नसतो, घरी बसून कुणाला तरी विचारून वाचायचा असतो.

त्या कराराबद्दल जरा थांबून लिहिते. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम २००१ मध्ये जपानला एका संस्थेच्या निमंत्रणावर राहून चित्रं काढत होते. त्यांनी तिथंच आत्महत्या केली. भोपाळच्या विधानभवनाच्या भिंती रंगवलेला, पॅरिसला प्रदर्शन झालेला माणूस, ऐन चाळिशीच्या आसपास. त्यांना घरी परतायचं होतं आणि मुक्काम लांबला होता, असं तेव्हा लिहिलं गेलं. तुझं केंद्र चांगलं असेलच. तरीही गावाकडच्या माणसानं परदेशी मुक्कामावर जाताना ही घटना माहीत असल्याशिवाय जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. परतीचं तिकीट तारखेसकट तुझ्या हातात पाहिजे. पासपोर्ट तुझ्याच पिशवीत, सांभाळायला म्हणूनही कुणाकडं द्यायचा नाही. मधेच परत यावंसं वाटलं तर तिकीट बदलायचा खर्च कोण करेल, हे लिहिलेलं पाहिजे. आणि रोज एक फोन घरी, ठरलेल्या वेळी.

पैशाचे चार रकाने वेगळे असावेत: मानधन, जेवणाखाणाचा भत्ता, साहित्याचा खर्च, प्रवास. सगळं एकात बांधून एक आकडा दिला की साहित्य आणि बसभाडं तुझ्या मानधनातून जातं. कार्यशाळा सहा म्हटल्यात तर सहाच, आणि एकीचे तास किती तेही लिहून घे. तिथं पोचल्यावर वाचनालय विचारेल, चर्च विचारेल, सगळे भले लोक असतील आणि तुला नाही म्हणता येणार नाही. करार दाखवता येतो. कुठल्याही रेसिडेन्सीसाठी स्वतःच्या खिशातून मोठी फी भरून, शेत गहाण टाकून जाऊ नये, हे तुला लागू नाही पण वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. रेसिडेन्सी शोधायच्या तर रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स या दोन संकेतस्थळांवरच्या याद्या विश्वासाच्या आहेत. इंग्लंडसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट, आणि तरुण कलाकारांसाठी इनलॅक्स फाउंडेशन, यांच्याकडं अर्ज करता येतो.

सामाईक गोधडी शेवटी कुणाची, हा प्रश्न पहिल्याच पत्रात विचार. केंद्राला ती भिंतीवर लावायची असते. तुला प्रदर्शनासाठी हवी असते. शिवणाऱ्यांना कुणी विचारत नाही. माझं मत असं, की ती गावाचीच. वृद्धांच्या निवासात किंवा वाचनालयात राहावी, कुणाच्या तरी अंगावर पडावी, आणि विकू नये. तुला प्रदर्शनासाठी ठराविक मुदतीला मिळावी, आणि तिथं सगळ्या शिवणाऱ्यांची नावं लागावीत, ज्यांना नाव द्यायचंय त्यांची. तुझ्या नावापुढं काय लिहिणार तेही बघ. 'भारतीय कारागीर' असं लिहिलं असेल तर 'कलाकार' करून घे. कारागीर म्हणण्यात कमीपणा नाही, पण त्या शब्दावरून मानधन ठरतं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांची चित्रं २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्या कामाबरोबर लागली, दोन कलाकार म्हणून. असंच हवं.

एक शब्द सगळीकडं कानावर पडेल: टाकाऊ कापड. २०२५ च्या सुरुवातीपासून युरोपीय संघातल्या देशांना जुनं कापड कचऱ्यातून वेगळं गोळा करणं बंधनकारक झालंय, त्यामुळे कलाकेंद्रांना हा विषय आवडीचा आहे आणि तुझ्या निमंत्रणामागं तोही असणार. त्यांच्या त्या काळजीचा मान ठेव. पण आपल्या गोधडीतलं कापड टाकाऊ कधीच नव्हतं, ते वापरून वापरून मऊ झालेलं, म्हणूनच अंगाला चालणारं कापड आहे, बाळंतिणीला आणि तान्ह्या लेकराला तेच देतात. हे पहिल्या दिवशी सांगून टाक. नाहीतर दहा आठवडे तुझ्या कामाकडं कचरा कमी करायचा उपाय म्हणून बघतील.

इथल्या बायकांचंही बघ. तुझ्या कामात कुणाच्या हाताची रीत आहे? आई, मावशी, गल्लीतल्या दोघीतिघी असतील. जाण्याआधी त्यांना बसवून सांग कुठं चाललीस, काय शिकवणार. त्यांची नावं देवनागरीतून एका पट्टीवर लिहून नेलेल्या गोधडीच्या मागं शिव. त्यांनी काही शिवून दिलं असेल तर त्याचे पैसे निघण्याआधी दे, आल्यावर बघू असं नको. तांड्यावरचं बंजारा भरतकाम दाखवायचा विचार असेल तर त्या बायकांना विचारल्याशिवाय नको, आणि कवड्या लावलेलं असेल तर शिंपल्यांबद्दलचे नियम तपासून मगच बॅगेत घाल.

व्हिसा थोडक्यात. दहा आठवडे म्हणजे नव्वद दिवसांच्या आत, शेंगेन व्हिसात, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या कमी मुदतीच्या व्हिसात, बसतं. पण तू मानधन घेणार आहेस, तेव्हा या कामाला तोच व्हिसा चालतो की वेगळा परवाना लागतो, हे केंद्राकडून लेखी घे आणि ते पत्र अर्जाला जोड. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो, प्रत्यक्षात दोन महिने आधी कर. फी जून २०२४ पासून नव्वद युरो आहे. तीस हजार युरोचा प्रवास विमा लागतो. बोटांचे ठसे द्यावे लागतात. तू रोज सुई चालवतेस, जाण्याआधी आठवडाभर हातांना तेल लाव, घासलेली बोटं यंत्रावर उमटत नाहीत हे आधार काढताना बघितलं असशीलच.

स्वतःचं काम कधी, हा तुझा प्रश्न मला सगळ्यात कमी अवघड वाटतो. पहिले तीन-चार आठवडे काही सुरू करू नकोस. चाल, बघ, लोकांकडं कॉफीला जा. गावात मार्था संघटनेची शाखा असेल तर तिथं जा. १८९९ पासूनची ही बायकांची संघटना आहे, घरकाम आणि हस्तकला शिकवते, आणि गावात कुणाच्या माळ्यावर काय आहे ते त्यांना ठाऊक असतं. चिंध्यांच्या सतरंज्या विणायचे माग बघून ये. फिनलंडमध्ये जुन्या चादरींच्या पट्ट्या फाडून विणलेली सतरंजी घरोघर असते. उन्हाळ्यात लोक त्या तळ्याकाठी किंवा समुद्राकाठी खास बांधलेल्या लाकडी धक्क्यांवर धुतात, लांब टेबलं, पाइनच्या तेलाचा साबण, ब्रश, पिळायचं यंत्र, वाळत घालायचे दांडे. तू ऑगस्टमध्ये पोचशील तेव्हा हे अजून चालू असेल. जवळपास असा धक्का असेल तर जाऊन दिवसभर बस. आपल्याकडं घटस्थापनेआधी दसरा काढताना, म्हणजे घर धुऊनपुसून काढताना, बायका नदीवर गोधड्या धुतात, ते तू लहानपणापासून बघितलंयस. तुझं काम तिथंच कुठंतरी सुरू होईल असं मला वाटतं, पण हे माझं वाटणं झालं.

सप्टेंबरपासून दिवस झपाट्यानं आखडतो, ऑक्टोबरमध्ये थंडी खरी लागते. उबदार आतले कपडे आणि चांगले बूट घे. महालक्ष्म्या तुझ्या त्या मुक्कामात येणार, आईचा खरा राग त्यावर असेल. बोलून टाक तिच्याशी.

आणि तिला उत्तर द्यायचं तर असं कर. जाण्याआधी तिच्याबरोबर एक लहान गोधडी पहिल्या पदरापासून शिव. कच्चं कसं बांधायचं, कोपरा कसा वळवायचा, दोरा संपला की गाठ कुठं लपवायची, हे तिला विचारून वहीत लिही. तिच्याकडचं निम्मं तुला येत नसेल, आणि वृद्धांच्या निवासात नेमकं तेच कुणीतरी विचारणार. कार्यशाळा चालू असताना एकदा तिला व्हिडिओ कॉल लाव आणि फोन टेबलावर उभा कर. तिला आणि फिनिश आज्यांना एकमेकींशी बोलायला भाषा नसली तरी एकमेकींचे टाके बघून दोन्हीकडून चूक काढतात.

करार आला की मला पाठव, सही करण्याआधी. पानं जास्त असतील तर आधी तीनच गोष्टी वेगळ्या काढून लिही: परतीच्या तिकिटाचं कलम, सामाईक गोधडीच्या मालकीचं कलम, आणि कार्यशाळेचे तास. तेवढं दोन दिवसांत वाचून कळवते.